मालकिणीचा जबाब

नोटीस उषाबाईंच्या नावानं आली याचं पडोळांच्या घरात कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते एवढ्याचंच, की या खेपेला नुसत्या सहीवर भागणार नव्हतं. उषाबाईंनी तोंडानं काहीतरी सांगायचं होतं.

घरात चाकाचं जे काही येईल ते थोरल्या सुनेच्या नावावर घ्यायचं, हा नियम सासऱ्यांचा, सांडू पाटलांचा. उषाबाई लग्न होऊन पिंपळगाव रेणुकाईला आल्या त्या साली पडोळांचा पहिला ट्रॅक्टर आला. सांडू पाटलांनी तो हौसेनं नव्या सुनेच्या नावावर केला आणि नेमकं त्या साली कपाशीनं घर भरलं. पायगुण ठरला. मग दुसरा ट्रॅक्टर, मोटारसायकली, पुढं बदनापूरला स्टेशनच्या अंगाला बांधलेलं हे घर, त्याला चाकं नसली तरी, आणि शेवटी ही पांढरी गाडी. गाडी रेणुकामातेपुढं उभी करून नारळ फोडायचा तेव्हा उषाबाई पुढं. गाडीत बसायचं तेव्हा मागं, पिशव्यांच्या शेजारी. सांडू पाटील गेले, नियम राहिला. कागद समोर आला की कुणीतरी बोट ठेवायचं आणि उषाबाई तिथं सही करायच्या.

ठाण्याच्या नोटिशीत बोट ठेवायला जागा नव्हती. त्या पहाटे तुमच्या मालकीची गाडी कोण चालवत होतं ते मालक म्हणून तुम्ही कळवा, असा सरळ प्रश्न होता. मुदत आज संध्याकाळपर्यंतची.

म्हणून भर दुपारी सगळे बैठकीच्या खोलीत जमले होते. दिवाणावर उषाबाईंचे यजमान पुंजाराम पाटील. खिडकीपाशी त्यांचा धाकटा भाऊ बबलू, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, फोन मांडीवर पालथा घालून. बबलूची बायको साधना भिंतीला टेकून खाली. उषाबाईंचा मुलगा अंगद आणि सून प्रियदर्शनी सोफ्यावर, मधे एका माणसाची जागा सोडून. आणि जालन्याहून मुद्दाम बोलावलेला श्रेयांस. त्याच्या आजोबांपासून पडोळ बियाणं त्यांच्याच दुकानातून आणत. वडील शांतिलालशेठ अजून गादीवर बसत होते, पण श्रेयांसनं दुकानाच्या एका कोपऱ्यात विम्याची एजन्सी थाटली होती आणि पडोळांच्या सगळ्या चाकांचे विमे त्याच्याकडंच होते.

"सांग तू आता सगळ्यांसमोर," पुंजाराम म्हणाले. "मला दोनदा सांगितलं, यांना एकदा सांग."

श्रेयांसनं घसा साफ केला. "सीधी बात आहे, काका. गाडी कोणाची ते सापडलं नसतं, तर मयताच्या घरी सरकारची ठरलेली मदत गेली असती आणि विषय खतम. आता गाडी सापडली. म्हणजे गाडीच्या विमा कंपनीला भरपाई द्यावी लागणार. ती सरकारी मदतीच्या कितीतरी पट असते. माणूस कमावता होता, वय कमी होतं."

"द्यावी ना मंग," साधना म्हणाली. "हप्ते कशाला भरून राह्यलो आपण?"

"देईल, काकी. पण चालवणाऱ्याचं लायसन चालू पाहिजे. बबलूकाकांचं कधीच संपलंय. मी दोनदा फोन केला होता, नूतनीकरण करून घ्या म्हणून."

"करणारच व्हतो," बबलू म्हणाला. "इथं श्वास घ्यायला टाइम न्हाई."

"तर मग कोर्ट काय म्हणेल, की त्या बाईला कंपनीनं आधी पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत. मालकाकडून म्हणजे," श्रेयांसनं नजर उचलली नाही, "उषाकाकींकडून."

"बाईंकडं काय हाय वसूल करायला?" साधना म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिची नजर छताकडं गेली. मग सगळ्यांचीच गेली.

उषाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं आणि त्यांनाही बसायचं सुचलं नव्हतं. कालपर्यंत त्यांना या गाडीबद्दल जे ठाऊक होतं ते एवढंच होतं: पिंपळगावला बबलूच्या एका कार्यकर्त्याच्या घरी देवीचा गोंधळ होता. झेडपीचं तिकीट जवळ आल्यापासून बबलू कुणाचा गोंधळ, कुणाचं बारसं, कुणाची माती सोडत नव्हता. संध्याकाळी गाडीची चावी त्यानं उषाबाईंच्याच हातून घेतली. पहाटे परत आला तो पुढचा दिवा फुटलेला, बॉनेट चेपलेलं. दाभाडीच्या अलीकडं रोही आडवी गेली म्हणाला. रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, त्या भागात कितीएक गाड्या फोडल्या होत्या. कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. श्रेयांसनं फोनवरच कंपनीला कळवलं. कंपनीनं चालकाचं लायसन मागितलं तेव्हा बबलूनं अंगदच्या लायसनचा फोटो पाठवून दिला. घरातल्या सगळ्यांच्या आधारपासून लायसनपर्यंतचे फोटो घरच्या ग्रुपवर पडूनच असत. कुणाचं काय कुठं लागेल सांगता येत नाही म्हणून. 'चालक अंगद, आडवी आली रोही' असा कागद झाला आणि त्यावर कुणीतरी बोट ठेवलं तिथं उषाबाईंनी सही केली.

त्याच दिवशी दुपारी बातमी आली होती, की दाभाडीच्या अलीकडच्या फाट्यावर कडुबा नावाचा माणूस गाडीखाली सापडून गेला. एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात कामाला होता. रात्रपाळी करून टेम्पोतून फाट्यावर उतरला आणि घराकडं चालला होता. ते गाव बबलूच्याच झेडपी गटातलं. बबलू मातीला गेला. दुःखाच्या प्रसंगी राजकारण आणू नये, असं म्हणून बराच वेळ बोलला. गाडीवाल्याला पोलिसांनी पाताळातून शोधून काढावं, अशी मागणी त्यानं केली, त्याचा व्हिडिओ गावोगाव फिरला. कडुबाच्या बायकोला सरकारी मदत मिळवून द्यायचं कामही त्यानं अंगावर घेतलं. पोलिसांनी पाताळ सोडून गॅरेजं शोधली. त्या आठवड्यात तसला दिवा कुणी बदलला ते विचारत गेले आणि काल पडोळांच्या दारात आले.

"अंगदचं लायसन चालू हाय," पुंजाराम म्हणाले. "कंपनीकडं त्याचंच नाव गेलेलं हाय. ठाण्यात तेच नाव जाईल. कंपनी भरपाई देईल, त्या बाईचं भलं होईल, घराला धक्का न्हाई. वकिलाशी बोललोय मी. जामीन तिथल्या तिथं होतो."

"तिथल्या तिथं होतो तर काकांनीच घ्यावा की," प्रियदर्शनी म्हणाली. ती बदनापूरच्या शाळेत गणित शिकवायची आणि घरातही तसंच बोलायची. "गाडी काकांनी चालवली."

"सूनबाई, माझं तिकीट जाईल," बबलू म्हणाला.

"आणि यांचं काय जाईल?"

"अंगदला कोणतं तिकीट पाहिजे?"

"ते बराबर आहे. ज्याला काही पाहिजे नसतं त्याच्याच गळ्यात घालायचं."

"प्रिया," अंगद म्हणाला.

"प्रिया काय? तुम्ही त्या पहाटे घोरत होता. मी जागी होते, मला माहीत आहे."

पुंजारामांनी हात वर केला. "हे बघा, याच्यात एक गोष्ट अजून हाय. बबलू अंगदला स्वतः घेऊन ठाण्यात जाईल. लोक काय म्हणतील? सख्ख्या पुतण्याला पाठीशी घातलं न्हाई म्हणतील. बोलल्याप्रमाणं गाडीवाला हजर केला म्हणतील."

प्रियदर्शनी हसली. "म्हणजे यातही मतं."

"मतं कशात नसतात?" बबलू शांतपणे म्हणाला. "तुमची बदली थांबली ती कशामुळं, सूनबाई?"

तेवढ्यात फाटक वाजलं.

साधनानं खिडकीतून पाहिलं आणि दोन्ही हात मांडीत दाबून बसली. "ती आलीय."

शिवकन्या, कडुबाची बायको. तिला बबलूनंच बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स घेऊन बोलावलं होतं आणि कालपासूनच्या गडबडीत नको येऊ म्हणून सांगायचं राहून गेलं होतं. ती ओसरीवरच थांबली. नव्या विधवेनं कुणाच्या उंबऱ्याच्या आत जायचं नाही, एवढं ती पाळत होती. बबलू बाहेर गेला. दार उघडंच राहिलं आणि आत बसलेल्यांना सगळं ऐकत बसावं लागलं.

"ताई, तू कामून आली उन्हाची? मी आलो असतो ना."

"तुम्ही बोलावलं व्हतं, दादा. हे पासबुक. त्या मदतीच्या कागदावर अंगठा कुठं करायचा ते सांगा."

"थांब जरा. अंगठ्याची जल्दी करू नको. माझ्या कानावर आलंय, गाडीचा माग लागलाय म्हणून. मी पाठपुरावा करून राह्यलो. गाडी सापडली तर तुला जास्त मिळंल. अन् सांगतो तुला ताई, तो कोणीबी असू दे. माझ्या घरातला असला तरी सोडणार न्हाई."

आत अंगद आपल्या तळहाताकडं बघत राहिला.

उषाबाई पाण्याचा तांब्या घेऊन ओसरीवर गेल्या. बबलूचा फोन वाजला म्हणून तो आत आला. शिवकन्या पायरीवर बसली, पाणी वरून प्यायली. तिशीची असावी. कपाळ मोकळं होतं आणि त्या मोकळ्या कपाळाची तिला अजून सवय झाली नव्हती. हात सारखा तिथं जात होता.

"लई करून राह्यले दादा आमच्यासाठी," ती म्हणाली. "भाऊकी बी येत न्हाई आता."

"चहा टाकू?" उषाबाईंनी विचारलं.

"नको, बाई. बस जाईल. एकच मनातून जात न्हाई." ती तांब्याकडं बघत होती. "दूधवाल्याला सापडले ते रोडवर न्हाई सापडले. शेताच्या धुऱ्याच्या कडंला, लिंबाखाली. ढोपरं सोलून निघाल्ती. घासत घासत गेल्ते तिथवर. डॉक्टर म्हणले, लगेच गेलेले न्हाईत. कोणी नुसता एकशे आठला फोन लावला असता, अन् स्वतः निघून गेला असता, तरी चाललं असतं. मी त्याला नावं बी ठेवली न्हाईत."

"कुणाला?"

"गाडीवाल्याला. भ्याला असंल म्हणते मी. अंधार व्हता. काय धडकलं ते कळलं नसंल." तिनं पदर सावरला. "तसं असंल तर माफ हाय म्हणते मी."

ती उठली. फाटकापर्यंत उषाबाई गेल्या. परत येताना पांढऱ्या गाडीपुढून जावं लागलं. नवा दिवा जुन्या दिव्यापेक्षा जास्त चकचकीत होता.

आत आल्या तर खोलीतली हवा बदललेली. अंगद आणि प्रियदर्शनी यांच्यात सोडलेली जागा भरली होती. दोघं लागून बसली होती. पुंजारामांच्या समोर पेन आणि कोरा कागद. श्रेयांस त्या कागदाकडं न बघण्याचा प्रयत्न करत होता.

"आई," प्रियदर्शनी म्हणाली. आवाज निराळाच लागला होता. "वकील म्हणतात, फार तर दंडावर सुटतील. आणि काका एमआयडीसीतला प्लॉट यांच्या नावावर लिहून देतायत. आजच. बियाणं सफाईचं युनिट टाकायचं यांचं किती दिवसांचं..." ती थांबली. "मला पटतंय असं नाही. पण व्हायचं ते होऊन गेलंय."

बबलूनं पुढं काही बोलायची गरज ठेवली नव्हती. तो खिडकीबाहेर बघत होता.

"माय, मी तयार हाय," अंगद म्हणाला. "तू काळजी नको करू. जाऊ दे माझ्या नावावर."

उषाबाईंनी आपल्या मुलाकडं पाहिलं. त्याचा चेहरा लहानपणी परीक्षेला जाताना व्हायचा तसा झाला होता. घाबरलेला आणि आपण घाबरलो नाही असं दाखवणारा. मग त्या खाली बसल्या. साधनाच्या शेजारी नाही, पुंजारामांच्या दिवाणाखाली नाही; मधोमध, जिथं कुणीच बसत नसे.

"भाऊजी," त्या बबलूला म्हणाल्या, "तुम्ही गाडीतून खाली उतरले व्हते का?"

"वैनी, त्याचं काय आता."

"ते नोटिशीत विचारलेलं न्हाई," पुंजाराम म्हणाले.

"नोटिशीत न्हाई. मी विचारून राह्यले."

सासू वारली तेव्हा बबलू चौथीत होता. त्याची पाटी-दप्तर, ताप, पहिली मारामारी, सगळं उषाबाईंच्या हातून गेलं होतं. त्यांच्यासमोर खोटं बोलायचं तर तो नेहमी आधी गप्प बसे. आताही तसाच बसला, आणि उषाबाई वाट बघत राहिल्या.

"उतरलो," तो म्हणाला.

अंगदनं मान वर केली. "मला तर म्हणले, कळलंच न्हाई काय धडकलं ते. रोहीच वाटली म्हणले."

"जित्ता व्हता?" उषाबाईंनी विचारलं.

"व्हता."

"मंग?"

"मंग काय वैनी. मोबाईलचा उजेड पाडला त्याच्या तोंडावर. त्यानं डोळ्यावर हात धरला. अन् मंग हात काढून बघितलं माझ्याकडं." बबलूनं सदऱ्याचं वरचं बटण उघडलं. "म्हणला, 'बबलूदादा.'"

श्रेयांस उठून उभा राहिला आणि कुठं जायचं ते न सुचून परत बसला.

"ओळखलं त्यानं," बबलू म्हणाला. "ओळखलं नसतं तर मी उचलून गाडीत घातला असता. देवीशप्पथ घातला असता. पण ओळखलं ना. उद्या दवाखान्यात पोलीस विचारणार, तो सांगणार. तिकिटाची यादी त्याच आठवड्यात जाणार व्हती. मी म्हणलं, कोणीतरी येईलच मागून. टेम्पो चालू असतात त्या रोडला."

साधना हळूच म्हणाली, "त्या दिवशी पहाटे आंघोळीला पाणी मागितलं तुम्ही. मंग मातीवरून आल्यावर पुन्हा मागितलं. मातीचं कळलं, पहाटेचं कशाचं? मी म्हणलं, जागरणाचा शीण असंल." तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. सकाळपासून ती उषाबाईंच्या पदराला धरून होती, माझ्या लेकरांकडं बघा म्हणत होती. तो पदर तिनं केव्हा सोडला ते तिलाही कळलं नव्हतं.

उषाबाई अंगदकडं वळल्या. "गाडी चालवली, ते तू घेशील नावावर. हेबी घेतो का?"

"माय..."

"उतरून बघितलं, अन् गेला. हे कोणाच्या नावावर जाईल? ती आत्ता ओसरीत बसून गाडीवाल्याला माफ करून गेली. भ्याला असंल म्हणली. तिला दाखवायला तुला नेतील. तू काय सांगशील, उजेड कोणाच्या तोंडावर पाडला ते?"

प्रियदर्शनीनं अंगदचा हात धरला होता तो सोडला नाही. पण ती म्हणाली, "आई, प्लॉटचं राहू द्या," आणि एवढं म्हणून तिनं तोंड फिरवलं. ते ऐकायला उशीर झाला होता आणि म्हणायलाही.

"घर जाईल," पुंजाराम म्हणाले. ते ओरडले नाहीत. बाजारात भाव सांगावा तसं म्हणाले. "ऐकलं न्हाई का तू? वसुली मालकावर येते."

"माझ्या नावावर हाय ना? मंग जाईल तर माझं जाईल."

"तुझं?" पुंजाराम खरोखरच चक्रावले. इतक्या वर्षांत हा शब्द त्यांनी या तोंडून ऐकला नव्हता. "बापानं नाव लावलं म्हणून तुझं झालं का? पायगुण म्हणून लावलं ते. तुला विचारून न्हाई लावलं."

"मलाबी आज कळलं. पोलिसांनी विचारलं म्हणून."

"काकी," श्रेयांस मधे पडला, "रोहीच्या कागदावर तुमची सही आहे. आधी अंगद म्हणून सही केली, आता बबलूकाका म्हणणार. कंपनी म्हणेल, मालकानं फसवलं. तुमच्यावरपण केस होऊ शकते. आणि माझी एजन्सी तर..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही.

"तुला माहीत व्हतं का, श्रेयांस?"

"नाही. बिलकुल नाही."

"मंग तू तसंच सांग. मीबी तसंच सांगणार. सही माझी हाय. न वाचता केली."

बबलू उठला, त्यांच्यापुढं येऊन उकिडवा बसला. "वैनी, तुम्ही मला न्हाऊ घातलंय."

"व्हय."

"मंग?"

"मंग काही न्हाई. न्हाऊ घातलंय."

तो तसाच बसून राहिला. उषाबाईंनी त्याच्या डोक्यावरून फिरवायला हात उचलला होता, तो जमिनीवर टेकवून त्या उठल्या.

"जायचं तर पायी जा," मागून पुंजाराम म्हणाले. "या घरातली गाडी तुला न्यायची न्हाई."

अंगणात पांढरी गाडी होती, बाजूला दोन मोटारसायकली. तिन्ही उषाबाईंच्या नावावर होत्या आणि त्यातली एकही त्यांना चालवता येत नव्हती. त्या पायी निघाल्या. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी वळून पाहिलं नाही, त्यामुळं अंगद ओसरीपर्यंत आला होता आणि तिथंच थांबला होता, हे त्यांना कळलं नाही.

ठाण्यात अप्पाराव जमादार होते. बबलूचे चांगले ओळखीचे. त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला, आणि दारामागं आणखी कुणी आलंय का ते दोनदा पाहिलं.

"एकट्याच, काकू? अंगदला घेऊन येणार होते ना बबलूशेठ?"

"मी आले."

"बरं. मग लिहू या. गाडी कोण चालवत होतं?"

"रंगनाथ सांडू पडोळ. बबलू म्हणतात त्याला."

जमादारांनी पेन उचललेलंच ठेवलं. "काकू, घरी विचारून आलात ना?"

"विचारूनच आले. त्यालाच विचारलं."

पेन खाली आलं. ते सावकाश लिहीत होते, प्रत्येक शब्दानंतर एखादा शब्द परत घ्यायला जागा ठेवावी तसं. चावी कुणी दिली, केव्हा दिली, गाडी परत केव्हा आली. उषाबाई सांगत गेल्या. रोहीच्या कागदाचंही सांगितलं. मग म्हणाल्या, "तो खाली उतरला व्हता. माणूस जित्ता व्हता. बोलला त्याच्याशी. तेबी लिहा."

"तुम्ही होता का तिथं?"

"मी न्हवते. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, आत्ता, घरात."

"मग ते वेगळं आहे, काकू. मालकाला एवढंच विचारायचं असतं, चालवत कोण होतं. बाकी साहेब बघतील, लागलं तर." त्यांनी कागद फिरवून पुढं केला. "वाचा आणि सही करा."

उषाबाईंनी कागद वाचला. सावकाश, ओळीवर बोट ठेवून. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "लिहा. न्हाई तर सही करत न्हाई."

अप्पारावांनी खिडकीबाहेर पाहिलं, कपाळावरून हात फिरवला आणि खाली दोन ओळी वाढवल्या. उषाबाईंनी त्याही वाचल्या आणि सही केली.

बसस्टँडवर शिवकन्या अजून बाकावर होती. आधीची बस चुकली होती, पुढची यायची होती. उषाबाईंना पाहून ती उठायला लागली तर त्यांनी तिला खांद्याला धरून बसवलं आणि शेजारी बसल्या. चालून त्यांना धाप लागली होती. धाप बसेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

"त्या सरकारी मदतीच्या कागदावर अंगठा करू नको. गाडी सापडली न्हाई असं लिहिलंय त्याच्यात. गाडी सापडलीय. माझ्या नावावर हाय ती. कंपनीकडून पैसे भेटतील तुला. वेळ लागंल, पण भेटतील. दुसरा वकील बघ. आमच्या घरातल्या कोणाचं ऐकू नको."

शिवकन्या त्यांच्याकडं बघत राहिली.

"बबलू चालवत व्हता. माझा दीर. आत्ता लिहून दिलंय मी ठाण्यात."

समोर एक जीप थांबली, माणसं भरून निघून गेली. मग शिवकन्या म्हणाली, "खांदा दिल्ता त्यांनी."

"व्हय."

"पहिला खांदा दिल्ता. पोराला मागं सारून."

उषाबाईंनी मान खाली घातली.

"खाली उतरले व्हते का दादा?"

"उतरला व्हता."

"आमचे काही बोलले का?"

दिवसभरात पहिल्यांदाच उषाबाईंना खोटं बोलावंसं वाटलं. न्हाई म्हणायला एक शब्द लागला असता आणि तो कुणीही कुठं लिहून घेतला नसता.

"बबलूदादा म्हणले," त्यांनी सांगितलं. "ओळखलं त्यांनी."

बस आली. वाहकानं गावांची नावं घेतली, दाभाडीचं घेतलं, पुन्हा एकदा घेतलं. शिवकन्या जागची हलली नाही. मोकळ्या कपाळाकडं गेलेला हात तिनं तसाच धरून ठेवला होता.

"त्यांना वाटलं असंल," ती म्हणाली, "बरं झालं, आपलाच माणूस आला."